सोलापूरचं ऊन आणि दारातलं लॉन : वाचवायचं का काढून टाकायचं?

जुळेकर
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर जुळे सोलापुरात रो हाऊस घेतलं. आधी फ्लॅटमध्ये होतो त्यामुळं बाग वगैरे प्रकार आम्हाला नवीनच. समोर साधारण ४०० स्क्वेअर फूट लॉन आहे, आधीच्या मालकांनी हौसेनं केलेलं, कडेनं अरेका पाम, दोन गुलाब, एक मोगरा, मागं लिंबू आणि कढीपत्ता. घराचं तोंड पश्चिमेला. मार्चपर्यंत सगळं झकास होतं, येणारा-जाणारा थांबून बघायचा. आता एप्रिल संपत आला, पारा ४२-४३ च्या खाली यायचं नाव घेत नाही, लॉन मधोमध पिवळं पडलंय, अरेकाची टोकं करपलीत आणि गुलाबाच्या नुसत्या काड्या राहिल्यात. नळाला पाणी चार दिवसाआड. बोअर आहे पण त्याचं पाणी असं की बादलीला पांढरा थर धरतो. आई म्हणते रोज दोनदा पाणी घाल, शेजारचे काका म्हणतात दुपारी घातलंस तर झाडं भाजून मरतील, नर्सरीवाला म्हणतो साहेब खत टाका दोन मुठी. कुणाचं ऐकू? मुख्य प्रश्न एवढाच की लॉन वाचवायचं का काढायचं, आणि बाकीची झाडं मृगापर्यंत तगवायची कशी. टँकर मागवणार नाही हे आधीच सांगतो.

कडकभाकरी
नर्सरीवाल्याचं अजिबात ऐकू नका. आईचं अर्धं ऐका. काकांचं ऐकल्यासारखं करा.

मुरूममाती
आधी लॉनचा हिशोब करू, मग भावनेचं बघू. १ मिलीमीटर पाणी म्हणजे एक चौरस मीटरवर १ लिटर. आपल्याकडं मे महिन्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला दहा-बारा मिलीमीटर उडून जातं, वारं सुटलं तर त्याहून जास्त. हिरवं गवत त्यातलं साठ-सत्तर टक्के तरी ओढतं, म्हणजे ७ मिलीमीटर धरा. तुमचं ४०० स्क्वेअर फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. सात गुणिले सदतीस, रोजचे २६० लिटर झाले, आणि हे पाणी सगळं मुळाशीच गेलं असं धरून. पाईपनं उडवत बसलात तर तीनशेच्या वर जाणार. चार दिवसाला हजार-बाराशे लिटर एकट्या गवताला. तुमची टाकी केवढी आहे?

जुळेकर
हजार लिटर.

कडकभाकरी
म्हणजे घरच्यांची अंघोळ का लॉन, एवढंच ठरवायचं राहिलं की.

हिरवळवेडा
मी लॉनच्या बाजूनं बोलतो, नाहीतर इथं सगळे लगेच फावडं घेऊन उभे राहतील. लॉन काढलं की लोक काय करतात? पेव्हर ब्लॉक टाकतात. मग तोच पेव्हर दिवसभर तापून रात्री अकरापर्यंत घरात गरमा फेकतो आणि पुढच्या वर्षी दुसरा एसी घ्यायची पाळी. गवत आहे तोवर खिडकीतनं येणारं वारं तरी बरं असतं, लहान पोरं अनवाणी पळतात. आणि पिवळं पडलं म्हणजे मेलं असं कुणी सांगितलं? तुमचं गवत कुठलं आहे ते आधी बघा. बर्म्युडा असेल तर ती आपली हरळीच आहे, गणपतीला वाहतो ती. शेतकरी आयुष्यभर ती मारायला बघतो आणि ती मरत नाही. वर वाळते, खाली गाठी जिवंत असतात, पहिल्या वळवाला परत उठते. तिला उन्हाळाभर हिरवी ठेवायचा हट्ट सोडा, दहा-पंधरा दिवसातनं एकदा मुरवून पाणी द्या, म्हणजे गाठी जिवंत राहतात. कापू नका, कापायचीच वेळ आली तर तीन इंच तरी उंच ठेवा, वरच्या पात्याची सावली खालच्या मातीला मिळते. आणि खत बिलकुल नको. खतानं नवीन कोवळं फुटणार, त्याला जास्त पाणी लागणार, आणि मातीत आधीच क्षार असतील तर मुळं आणखी भाजणार.

मुरूममाती
हे पटलं. बर्म्युडा असेल तर झोपू द्या. मेक्सिकन गवत असेल तर मात्र ते इतकं झटकन परत येत नाही.

शेळगीचा_शंभू
हिरवा प्लास्टिकचा गालिचा टाका की सरळ. पाणी नको, कापणी नको, फोटोत छान दिसतंय.

हिरवळवेडा
टाका आणि दुपारी दोन वाजता त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. उन्हात ते प्लास्टिक ६० अंशाच्या वर जातं. वर चिकन ठेवलं तर तंदूर होईल.

पद्मा_अक्का
मी अशोक चौकाकडं राहते, माझी सगळी बाग गच्चीवर कुंड्यांत आहे, त्यामुळं लॉनचं मला काय माहीत नाही. पण गच्चीवर झाडं जगवते ते सांगते, तुम्हाला मोगऱ्याला उपयोग होईल.

एक म्हणजे कुंडी स्लॅबवर डायरेक्ट ठेवायची नाही, खाली दोन विटा. स्लॅब इतका तापतोय की खालनं मुळं शिजतात. दुसरं, कुंड्या लांब लांब शोभेसाठी मांडलेल्या असतात ना, त्या उन्हाळ्यात सगळ्या एका कोपऱ्यात गर्दीनं लावायच्या, पूर्वेच्या भिंतीला, मोठी झाडं पश्चिमेकडनं आणि बारकी आत. एकमेकांची सावली पडते आणि एकमेकांचा ओलावा पण राहतो. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर बाहेरनं पोतं गुंडाळायचं, सकाळी पोतं ओलं करायचं. मोगऱ्याची काळजी करू नका, त्याला ऊन पाहिजेच, ह्याच दिवसात तर कळ्या येतात, फक्त त्याचं पाणी चुकवू नका. माझ्याकडं रोज ओंजळभर निघतात.

आणि हो, आमच्या घरात जुन्या चादरींना तोटा नाही. पश्चिमेच्या बाजूला दोरीवर जुनी सोलापुरी चादर टांगते, दुपारी बारा ते पाच. शेजारणी हसतात, पण माझी झाडं हिरवी आहेत.

कडकभाकरी
सोलापुरी चादर अंगावर घ्यायची असते असं आजपर्यंत वाटत होतं.

सांगोलेकर
हसू नका, अक्का बरोबर करतात. आमच्याकडं डाळिंबाच्या बागेवर लोक जुन्या साड्या टाकतात. उन्हाळ्यात या बाजूला आलात तर अख्ख्या बागा रंगीबेरंगी दिसतील, लाल, हिरव्या, जरीच्या काठाच्या. फळाला उन्हाचा चट्टा पडला की भाव गेला, म्हणून फळ झाकायचं. शेडनेट परवडत नाही त्याला साडी. काहीजण केओलिनची फवारणी करतात, ती पांढरी माती असते, ८ टक्के म्हणजे १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम. पान पांढरं दिसतं, ऊन परत फेकतं, पानातनं उडणारं पाणी कमी होतं. घरच्या लिंबाला करून बघायला हरकत नाही, पाऊस आला की धुऊन जातं. बाकी डाळिंबाचं काही असेल तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या शहराला लागूनच आहे, लोकांना पुण्याची केंद्रं माहीत असतात, घराजवळचं नसतं.

लष्करातली_माई
शेजारच्या काकांचं बरोबर आहे. भर उन्हात पाणी घातलं की पानावर थेंब राहतात, त्याचं भिंग होतं आणि पान जळतं. आम्ही लहानपणापासून बघत आलोय.

शंकेखोर
माई, हे ऐकायला पटतं पण तसं होत नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे प्रयोग करून तपासलं होतं. गुळगुळीत पानावर थेंब पसरट बसतो, त्याचा प्रकाश गोळा होतो तो पानाच्या बराच खाली, आणि पाणी पानाला थंडही करत असतं. ज्या पानांवर लव असते तिथं थेंब केसांवर उचलून राहतो, तिथं भाजायची थोडी शक्यता निघाली. म्हणजे गुलाब, मोगरा, लिंबू यांना काही होत नाही. दुपारी घालू नये ते वेगळ्या कारणानं, घातलेलं बरंचसं मुळापर्यंत जायच्या आत उडून जातं.

लष्करातली_माई
तुमची हंगेरी राहिली तिकडं. तिथं ४४ डिग्री असतं का? आमच्या अंगणात दुपारी पाईपनं पाणी मारलं की झाडं मरतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

मुरूममाती
दोघंही बरोबर आहात, भांडू नका. माईंच्या झाडाला थेंबानं नाही, पाईपनं मारलं. उन्हात पडलेल्या पाईपमधलं आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. ते पहिलं पाणी सरळ मुळाशी सोडलं तर झाड काय करणार. सकाळी सहाच्या आत घाला, टाकी रात्रभरात निवलेली असते. संध्याकाळी घालायचं असेल तर आठनंतर, आणि पाईपमधलं पहिलं गरम पाणी बादलीत काढून मग.

आणि नवीन लोकांना एक महत्त्वाचं. दुपारी तीनला झाड मान टाकतं म्हणून पळत जाऊन पाणी घालू नका. मुळं ओढतात त्यापेक्षा पानातनं जास्त जातं म्हणून ते तात्पुरतं लुळं पडतं, सूर्य कलला की परत ताठ होतं. सकाळी सातला पण मान खाली असेल तर खरंच तहानलंय. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर परत फिरा. उन्हाळ्यात कुंडीतली निम्मी झाडं तहानेनं मरतात आणि निम्मी मायेनं.

जुळेकर
मायेनं मेलेल्यात आमचे गुलाब असावेत, आईचं दोनदा पाणी चालूच होतं.

लष्करातली_माई
आईला काही बोलू नका. पण पाईप सावलीत ठेवत जा. एवढं मान्य.

फिनिक्सचा_सोलापुरी
मूळचा रेल्वे लाईन्सचा, आता ॲरिझोनातल्या फिनिक्सला आहे. धागा वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं, कारण इथं दर उन्हाळ्यात सोसायटीत हाच वाद. २०२३ साली इथं सलग ३१ दिवस पारा ११० फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपला ४३ च्या वर. त्या वर्षी इथले सग्वारो निवडुंग कोसळले. शंभर-शंभर वर्षांचे, वाळवंटातच जन्मलेले, त्यांचे हात गळून पडत होते. कारण वाचलं तेव्हा डोकं चालेना. निवडुंग दिवसा पानाची, म्हणजे त्याच्या सालीची छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री थंडाव्यात उघडतो. रात्रच थंड झाली नाही तर त्याला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. त्यामुळं नुसतं दिवसाचं तापमान बघू नका, रात्री तुमच्या अंगणात किती गरमा राहतो ते बघा. वर हिरवळवेडा यांनी पेव्हरचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. भिंतीलगतची झाडं आधी मरतात ती याचमुळं.

लॉनचं म्हणाल तर शेजारच्या नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये कायदाच केला, लास वेगासच्या भागात ज्या गवतावर कुणी चालत-खेळत नाही, नुसतं शोभेला आहे, ते काढायचं. घरासमोरच्या खाजगी लॉनला लागू नाही, पण रस्त्याच्या कडेचं, ऑफिसांपुढचं वगैरे. घरच्यांनी काढलं तर पाणीपुरवठ्यावाले उलट पैसे देतात. मी माझ्याकडं मागच्या बाजूला पोरांपुरतं ठेवलंय, पुढचं काढून बारीक खडी, बोगनवेल, कोरफडीची जात आणि दोन सावलीची झाडं. खडी फिकट रंगाची घ्या, काळी घेतलीत तर तवा होतो.

शेळगीचा_शंभू
फिनिक्सला कडक भाकरी मिळते का?

फिनिक्सचा_सोलापुरी
आई पार्सल पाठवते, शेंगाचटणीसकट. विषय बदलू नका, तोंडाला पाणी सुटतंय आणि इथं पाण्याचीच टंचाई आहे.

मंद्रूपचा_मास्तर
आमच्या भागातली काळी माती आहे त्यांनी हे वाचा. काळी माती वाळली की भेगाळते, भेगा पडताना बारीक मुळं तुटतात, आणि त्याच भेगेतनं खालची ओल वर निघून जाते. शेतात ज्वारीला आम्ही कोळपणी करतो ती नुसती तणासाठी नाही. वरची दोन इंच माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि खालची ओल खालीच राहते. आमचे वडील म्हणायचे, कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. घरच्या बागेत खुरप्यानं तेच करायचं, पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा आला की, म्हणजे माती चिखल पण नाही आणि कोरडी पण नाही अशी झाली की. मग त्यावर उसाचं पाचट अंथरायचं, तीन-चार इंच जाड. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने काय कमी आहेत, पाचट फुकट मिळेल, शेतकरी पेटवूनच देतात. नाही मिळालं तर नारळाच्या शेंड्या, वाळका पाला, काहीही. उघडी माती ठेवायची नाही.

लिंबाचं सांगतो. बुंध्याशी पाणी घालू नका, बुंध्याला डिंक्या रोग लागतो. बुंध्याभोवती मातीची भर घालून उंच करा आणि फांद्यांची सावली जिथं पडते तिथं गोल आळं काढा, पाणी तिथं. खाणारी मुळं तिथंच असतात. आठवड्यातनं एकदा-दोनदा पण भरपूर द्या, रोज तांब्याभर नको. रोज थोडं दिलं की मुळं वरच राहतात आणि वरची माती तर तापतेच.

बाळीवेशीतला
पाचटात विंचू होतात मास्तर. आणि वाळवी. आमच्याकडं पाचट टाकलं आणि वाळवीनं गुलाबाचा बुंधाच खाल्ला.

मंद्रूपचा_मास्तर
वाळवीचं खरं आहे, कोरड्या दिवसात ती येतेच. पाचट बुंध्याला चिकटवायचं नाही, वीतभर जागा मोकळी सोडायची, खाली मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड टाकायची. आणि विंचवाचं म्हणाल तर पाचट हातानं उचलायचं नाही, खुरप्यानं. चप्पल घालून जायचं. एवढं तर शेतात पण करतो.

ताई_विजापूररोड
पाण्याचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते. घरातलं वापरलेलं पाणी झाडाला घालतो म्हणून आपण खूश असतो, पण सगळं सारखं नसतं.

डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं डोळे झाकून घाला. वॉशिंग मशीनचं पहिलं पाणी नको, साबणातल्या सोडियमनं काळी माती दगड होते. शेवटचं खळबळलेलं चालतं, पण रोज एकाच झाडाला नको. आरओचं वाया जाणारं पाणी नळाच्या पाण्याचं असेल तर बोगनवेल, कण्हेर, कढीपत्ता असल्या दणकट झाडांना चालतं, बोअरचं असेल तर त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, ते फरशी पुसायला घ्या.

आणि कूलर. आपल्याकडं घरोघरी कूलर आहे आणि संध्याकाळी टाकीतलं उरलेलं पाणी लोक कुंडीत ओततात. अहो, कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात, दिवसभर तेच फिरतंय, ते झाडाला घालणं म्हणजे मीठ घालणंच. गवताचे पॅड पांढरे होतात ते काय उगाच? एसीचं पाणी मात्र एकदम चांगलं, त्यात क्षार नसतातच. फक्त आपल्या कोरड्या हवेत ते मुंबईसारखं बादली बादली पडत नाही, आशेनं बादली ठेवली तरी तळ झाकेल एवढंच.

जुळेकर, तुमच्या अरेकाची टोकं जळालीत ती उन्हानं कमी आणि बोअरनं जास्त असणार. टोकं कात्रीनं तिरकी कापा, थोडं तपकिरी ठेवून, हिरव्यात कापू नका. बोअरच वापरायचं असेल तर आठ-दहा दिवसातनं एकदा नळाचं गोडं पाणी भरपूर सोडा, म्हणजे वर साठलेले क्षार खाली जातात.

कडकभाकरी
आजपासून आमच्या कूलरचं पाणी बंद. तुळस का चिडली होती ते कळलं.

आकाशदर्शी
एक वेगळा मुद्दा. सगळे पश्चिमेच्या उन्हाबद्दल बोलतायत ते बरोबरच, पण उत्तरेची बाजू सावलीची म्हणून जे निवांत आहेत त्यांनी सावध व्हा. सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, त्या दिवशी सावली पायाखाली जाते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मध्यान्हीला आपल्या उत्तरेकडं असतो. म्हणजे वर्षभर घराच्या उत्तर भिंतीलगत सुखात असलेली फर्न, मनीप्लांट, अँथुरियम यांना नेमकं मेच्या उत्तरार्धात थेट ऊन लागतं, आणि लोक म्हणतात, सावलीत होतं तरी कसं जळलं. तिथं पण नेट लावा.

पद्मा_अक्का
अग्गोबाई. माझं अँथुरियम दर वर्षी मेमध्येच जातं.

मुरूममाती
नेटचा विषय निघालाय तर, हिरवी ५० टक्के ऊन अडवणारी पुरे, ७५ ची घेऊ नका, मोगरा-गुलाब फुलायचे थांबतील. झाडाला चिकटून बांधू नका, दोन-तीन फूट वर. जुळेकरांच्या घराला वरनं कमी आणि पश्चिमेकडनं उभी जास्त उपयोगी. आणि घट्ट ताणू नका, वळवाच्या वाऱ्यात फाटते नाहीतर खांबासकट जाते. गाठ सोडता येईल अशी मारा, ढग दाटले की सोडून गुंडाळायची.

शेळगीचा_शंभू
मागच्या वळवाला आमची नेट शेजारच्या टाकीवर जाऊन बसली होती, त्यांची टाकी अजून थंड आहे, परत देत नाहीत.

मडकेवाला_भाऊ
एवढ्या चर्चेत मडकं कुणालाच आठवलं नाही? नवीन मातीचं मडकं, पाच-सात लिटरचं, रंग न दिलेलं, झाडापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. मडक्याच्या छिद्रातनं पाणी हळूहळू झिरपतं, आणि गंमत अशी की माती कोरडी असेल तर जास्त ओढते, ओली असेल तर कमी. वरची माती कोरडीच राहते म्हणून उडून जायचं कामच नाही. मुळं मडक्याला येऊन बिलगतात. पाणी चार दिवसाआड येणाऱ्या गावासाठी याहून चांगलं काही नाही, नळ आला की मडकी भरा, सुट्टी.

दोन गोष्टी सांभाळा. झाकण घट्ट पाहिजे, नाहीतर डास होतात आणि डेंग्यू घरात येतो. आणि बोअरचं पाणी भरू नका, क्षारानं छिद्रं बुजतात आणि वर्षात मडकं झिरपायचं बंद होतं. घरातलं प्यायचं जुनं मडकं पण याच कारणानं चालत नाही, ते गार करत नाही म्हणून तर काढलेलं असतं. कुंभार वेशीत जा, पाणी टाकून बघून घ्या, तासाभरात बाहेरनं ओलसर झालं पाहिजे.

बाळीवेशीतला
सलाईनच्या बाटलीनं पण होतं की ठिबक.

मडकेवाला_भाऊ
होतं, पण अंगण दवाखान्यासारखं दिसतं. आणि वापरलेल्या बाटल्या आणू नका बाबा.

निंबोळी
सगळे जूनपर्यंतचंच बघतायत. जुळेकर, तुमच्या घराला खरं औषध पश्चिमेला एक झाड. लोक हौसेनं बहावा नाहीतर गुलमोहर लावतात, दिसायला काय सुंदर, पण बहावा मेमध्ये फुलतो तेव्हा पानंच नसतात, सावली कसली. कडुलिंब बघा, मार्चमध्ये पालवी येते आणि भर उन्हात डोक्यावर गच्च पान असतं. निसर्गानं सोलापूरसाठीच केलाय. घरापासून पंधरा-वीस फूट लांब लावा, पाईपलाईन बघून. पावसाच्या तोंडाला लावा, आता नको, आता लावलेलं रोप म्हणजे रोज पाणी. आणि पटकन हिरवं होतं म्हणून कुणी कोनोकार्पस खपवेल, घेऊ नका. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातलीय, मुळं गटारी-पाईप शोधत जातात आणि परागकणांचा त्रास होतो म्हणून.

हिरवळवेडा
रो हाऊसला वीस फूट जागा कुठनं आणायची ताई. कढीपत्ता आणि शेवगा लावा पश्चिमेला, शेवगा वर्षात डोक्यावर जातो, आमटीला शेंगा वेगळ्या.

निंबोळी
शेवग्याची फांदी वळवात मोडते आणि शेजाऱ्याच्या गाडीवर पडते. पण बरं, जागा नसेल तर शेवगा, छाटून छाती-डोक्याएवढा ठेवा.

जुळेकर
सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. हिरवळवेडा, गवत बघितलं, कडेचं हरळीच दिसतंय, गाठी कापल्या तर आत पांढऱ्या-ओल्या आहेत. मधलं जे पिवळं आहे ते बारीक सुईसारखं, ते मेक्सिकन असावं. मग असं ठरवतोय की कडेची हरळी झोपू द्यायची, पोरांना तेवढं पुरे. मधलं गवत आत्ता खणत नाही, माती उघडी पडेल, त्यावरच पाचट अंथरतो आणि पावसाळ्यात तिथं झाडं. पश्चिमेला उभी नेट कालच बांधली. मोगरा आणि लिंबाजवळ मडकी. आईला दोनदा पाणी घालायची सवय आहे ती मोडणार नाही, म्हणून तिला चिमण्या-बुलबुलांच्या पाण्याची थाळी भरायचं काम दिलंय, सकाळ-संध्याकाळ. गुलाबाचं मात्र कळेना, काडी नखानं खरवडली तर एक हिरवा निघाला, एक तपकिरी. हिरव्याच्या उरलेल्या पानांवर खालच्या बाजूला बारीक जाळी आणि लाल ठिपके आहेत, ते काय?

मंद्रूपचा_मास्तर
लाल कोळी. कोरड्या गरम हवेत वाढतो. सकाळी लवकर पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवसाआड, निम्मे वाहून जातात. ओलं असलं की त्याला आवडत नाही. राहिलेच तर कडुनिंबाचं तेल, पण ते संध्याकाळीच, उन्हात तेल मारलं तर पान खरंच भाजतं, तिथं हंगेरी मध्ये येणार नाही. छाटणी आत्ता करू नका. तपकिरी निघालेला गुलाब उपटून टाका.

लष्करातली_माई
उपटू नका. पाऊस पडेपर्यंत ठेवा, कधी कधी खालनं फुटतो.

शंकेखोर
कलमाच्या खालनं फुटला तर जंगली फुटतो माई, फूल वेगळंच येतं.

लष्करातली_माई
येऊ दे की. फूलच येतंय ना.

बाळीवेशीतला
कुंभार वेशीत सात लिटरचं मडकं कितीला बसलं? आणि खड्डा कुणी खणला, या उन्हात?

जुळेकर
भाव करून घ्या, दोन घेतली तर सोडतो. खड्डा पहाटे पाचला खणला, आदल्या रात्री तिथं दोन बादल्या पाणी ओतून ठेवलं होतं, नाहीतर कुदळ उडते.